ध्रुवीय प्रकाश आणि कोल्हापूरचे आकाश

ध्रुवीय प्रकाश : पृथ्वीच्या दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या प्रदेशात, जमिनीपासून साधारण १०० ते ३०० किमी. उंचीवर, रात्रीच्या आकाशात दिसणारा हिरवा, तांबडा वा जांभळट प्रकाश. अवकाशातून वेगाने खाली येणारे इलेक्ट्रॉन वरच्या विरळ हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या अणु-रेणूंवर आदळतात. त्या धक्क्याने मिळालेली ऊर्जा हे अणु-रेणू प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. उत्तर गोलार्धात त्याला अरोरा बोरिआलिस व दक्षिण गोलार्धात अरोरा ऑस्ट्रॅलिस म्हणतात. सहलींच्या जाहिरातींमुळे ‘नॉर्दर्न लाइट्स’ हे नाव आता आपल्याकडेही सर्वांच्या तोंडी आहे.

कोल्हापूर (१६.७° उत्तर, ७४.२° पूर्व) या प्रकाशाच्या पट्ट्यापासून हजारो किलोमीटर दूर आहे. तरी या शहराचा विषयाशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. नॉर्वेतील ट्रॉम्सोचे आकाश ज्या ऑक्सिजनमुळे हिरवे होते, तोच ऑक्सिजन अगदी त्याच तरंगलांबीचा प्रकाश देत रोज रात्री पंचगंगेच्या खोऱ्यावरही उजळत असतो. तो डोळ्यांना जाणवण्याइतका तेजस्वी नसतो, पण उपकरणांनी मोजता येतो, आणि कोल्हापूर-पन्हाळा परिसरातून तो मोजला गेला आहे. म्हणून येथे दोन्ही प्रकाशांचा विचार एकत्र केला आहे. ध्रुवाकडचा देखणा आणि आपल्याकडचा अदृश्य, हे दोन्ही एकाच हवेचे आहेत, आणि एक समजला की दुसरा सोपा होतो.

सूर्यापासून हवेपर्यंत

अंबाबाईच्या देवळात जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. तो प्रकाश सूर्यावरून सुमारे ८ मिनिटांपूर्वी निघालेला असतो. सूर्याकडून प्रकाशाखेरीज आणखी एक गोष्ट सतत येत असते, ती म्हणजे सौरवात. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा हा अखंड झोत सेकंदाला ३०० ते ८०० किमी. वेगाने वाहतो आणि १५ कोटी किमी. अंतर तोडायला त्याला दोन ते सहा दिवस लागतात. पृथ्वीपाशी पोचेतो तो इतका विरळ झालेला असतो, की एका घन सेंटिमीटरमध्ये पाच-दहाच कण सापडतात.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हा झोत अडवते. क्षेत्राचा जो प्रदेश असा राखला जातो त्याला चुंबकांबर म्हणतात. सूर्याकडच्या बाजूला तो दबून पृथ्वीच्या सुमारे १० त्रिज्यांपर्यंत येतो, तर रात्रीच्या बाजूला त्याची शेपटी चंद्राच्या कक्षेपलीकडे लांबते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मराठीत फार वेळा छापला जातो. सूर्याचे कण चुंबकाने ओढल्यासारखे थेट ध्रुवांवर कोसळतात आणि आकाश उजळते, असे सांगितले जाते. दिसणारा बहुतेक ध्रुवीय प्रकाश अशा थेट कोसळण्यातून येत नाही. सौरवातासोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही वाहत येते. त्याची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे असली, की दोन्ही क्षेत्रांच्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात. जेम्स डंजी यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली. जोडल्या गेलेल्या रेषा सौरवाताबरोबर मागे खेचल्या जातात, शेपटीत ऊर्जा साठत जाते, आणि ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तेथेही रेषा तुटून पुन्हा जुळतात. मोकळी झालेली ऊर्जा पृथ्वीच्या दिशेने येते. वाटेत, काही हजार किलोमीटर उंचीवर, विद्युत क्षेत्रे आणि चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या आल्फव्हेन लहरी इलेक्ट्रॉनांना वेग देतात. या लहरींवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन खरोखर वेग घेतात, हे २०२१ साली प्रयोगशाळेत दाखवता आले. हवेत शिरणाऱ्या या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारण एक हजार ते दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. झोत सूर्याचा, साठवण पृथ्वीच्या शेपटीची आणि अखेरचा धक्का पृथ्वीजवळच मिळालेला, असा हा क्रम आहे.

चुंबकीय ध्रुवाच्या अगदी डोक्यावर हा प्रकाश कमीच असतो. तो ध्रुवाभोवती अंडाकृती कड्यासारखा पसरतो, आणि रात्रीच्या बाजूला हे कडे चुंबकीय अक्षांश ६५° ते ७०° च्या आसपास येते. ट्रॉम्सो, स्वीडनमधील आबिस्को, अलास्कातील फेअरबँक्स, कॅनडातील यलोनाइफ ही ठिकाणे या कड्याखाली येतात, म्हणून ती प्रसिद्ध आहेत.

रंग

ध्रुवीय प्रकाशाचा खरा चमत्कार त्याच्या रंगांमागच्या वेळेच्या हिशेबात आहे.

स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १८६० च्या दशकात या प्रकाशाचा वर्णपट तपासला. इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा न दिसता त्यांना एक ठळक हिरवी रेषा दिसली. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही ओळखीच्या मूलद्रव्याशी ती जुळेना. हे कोडे जवळजवळ ६० वर्षे टिकले. १९२५ साली टोरांटोत जॉन मॅक्लेनन आणि गॉर्डन श्रम यांनी दाखवून दिले, की ५५७.७ नॅनोमीटरची ही रेषा सुट्या ऑक्सिजन अणूची आहे.

इतकी वर्षे ती सापडली नाही, कारण उद्दीपित झालेला ऑक्सिजन अणू हा हिरवा प्रकाश टाकायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. अणूंच्या जगात पाऊण सेकंद हा फार मोठा काळ आहे. आपल्या आसपासच्या दाट हवेत एवढ्या वेळात तो अणू दुसऱ्या अणु-रेणूंवर अब्जावधी वेळा आदळून ऊर्जा गमावून बसतो. १०० किमी. उंचीवर हवा जमिनीलगतच्या हवेच्या दहा लाखाव्या हिश्श्याहूनही विरळ असते. तेथे अणूला उसंत मिळते आणि प्रकाश बाहेर पडतो.

तांबडा रंगही याच ऑक्सिजनचा. त्याची तरंगलांबी ६३०.० नॅनोमीटर आहे, पण तो टाकायला अणूला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. एवढी निवांत जागा २०० किमी. च्या वरच मिळते. त्यामुळे तांबडा प्रकाश नेहमी हिरव्याच्या वर असतो, आणि त्याची हालचाल संथ व कडा पुसट असते. इलेक्ट्रॉनांचा झोत पुढे सरकला तरी मागचे अणू दोन मिनिटे सावकाश उजळत राहतात. याउलट नायट्रोजन धक्का बसताक्षणीच प्रकाश देतो. झोत जोरकस असला आणि १०० किमी. च्या खाली पोचला, की हिरव्या पडद्याच्या तळाशी गुलाबी किनार उमटते. ती क्षणाक्षणाला धावत असते, कारण तेथे नायट्रोजनला थांबावे लागत नाही. नायट्रोजनच्या आयनांच्या रेषा (३९१.४ व ४२७.८ नॅनोमीटर) निळसर-जांभळी छटा आणतात. वरून खाली पाहत गेल्यास तांबडा, हिरवा, गुलाबी हा क्रम म्हणजे खाली उतरताना दाट होत जाणारी हवाच दिसणे आहे.

डोळ्यांना हे रंग छायाचित्रांइतके भडक दिसत नाहीत, हे आधी माहीत असलेले बरे. मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, म्हणून क्षीण ध्रुवीय प्रकाश पांढुरक्या ढगासारखा वाटतो. तेज वाढले की हिरवा रंग स्पष्ट होतो. फार जोरदार प्रकाशात पौर्णिमेसारखे उजळते, आणि तेव्हा डोळ्यांना जे दिसते ते कोणत्याही छायाचित्रात मावत नाही.

आकृती

शांत रात्री सुरुवात एका कमानीने होते. ती पूर्व-पश्चिम पसरते, शेकडो किलोमीटर लांब असते आणि बराच वेळ हलत नाही. मग खालची कड अचानक उजळते. काही मिनिटांत कमानीला चुण्या पडतात, उभे किरण फुटतात, पट्टा वळून गुंडाळला जातो आणि उजेड पश्चिमेकडे धावू लागतो. शेपटीत साठलेली ऊर्जा मोकळी झाल्याची ही खूण आहे. स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ साली हा क्रम मांडला. एका रात्रीत तो अनेकदा घडू शकतो. हे पडदे लांबीला प्रचंड असले तरी जाडीला पुष्कळदा एक किलोमीटरही नसतात. पडदा बरोबर डोक्यावर आला, तर समांतर किरण रेल्वेच्या रुळांप्रमाणे एका बिंदूपाशी मिळाल्यासारखे दिसतात आणि आकाशाच्या माथ्यावर मुकुट तयार होतो. पहाटेकडे उरतात ते ठरावीक लयीत उजळणारे आणि विझणारे ठिपके. पाहायला गेलेले बरेच जण मुख्य उजेड संपल्यावर झोपायला जातात आणि या ठिपक्यांना मुकतात. माझ्या मते सगळ्या देखाव्यातला हा सर्वांत नाजूक भाग आहे.

कोल्हापूरच्या डोक्यावर का नाही

याचे उत्तर चुंबकीय रेषांच्या उंचीत आहे. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जेथे चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती ओळ, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातून सोडलेल्या पहिल्या रॉकेटसाठी केरळातील थुंबा निवडले गेले ते त्यामुळेच. कोल्हापूर या विषुववृत्ताच्या उत्तरेस १० अंशांच्या आसपास आहे. येथे चुंबकीय रेषा जमिनीशी साधारण २० अंशांचाच कोन करते. ती कोल्हापुरातून निघते, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर उंच चढते आणि दक्षिणेकडे हिंदी महासागराच्या बाजूला खाली उतरते. तिचे सारे आयुष्य वातावरणाच्या वरच्या थरांतच संपते. ६७° चुंबकीय अक्षांशावरून निघणारी रेषा मात्र सुमारे ३५,००० किमी. उंच जाते आणि शेपटीतल्या घडामोडींशी जोडली जाते. ट्रॉम्सोवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना कोल्हापूरपर्यंत आणणारी वाटच नाही.

डोक्यावर नाही, पण क्षितिजावर दिसू शकेल का? भूमितीने हे सांगता येते. ४०० किमी. उंचीवरचा तांबडा प्रकाश सुमारे २,२०० किमी. अंतरावरून क्षितिजाला टेकलेला दिसेल. म्हणजे पन्हाळ्याच्या तटावरून उत्तरेला तो दिसायचा, तर काश्मीरच्याही पलीकडे, पामीरच्या आसपास आकाश पेटलेले असले पाहिजे. असे फार क्वचित घडते. पण घडलेच नाही असे नाही.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मोठे चुंबकीय वादळ (सौरवाताच्या माऱ्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडणारी खळबळ) झाले आणि मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद झाली. मुंबई आणि कोल्हापूर यांच्या अक्षांशांत फरक सव्वादोन अंशांचा आहे.

त्याआधीचे, १८५९ चे वादळ अधिक प्रसिद्ध आहे. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सौरडागांवर अचानक झळकलेला पांढरा उजेड पाहिला. सतरा-अठरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळले. क्यूबा व हवाईपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला, आणि काही ठिकाणी तारायंत्रे बॅटरी काढल्यावरही चालू राहिली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत २ सप्टेंबरच्या सकाळी अकराच्या सुमारास चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्ला (क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) इतके खाली गेल्याची नोंद झाली. दिवस असल्यामुळे आकाशात काही दिसण्याचा प्रश्न नव्हता. मात्र त्या वादळाची कमी अक्षांशावरची एवढी तपशीलवार नोंद दुसरीकडे नाही, आणि आजही जगभरचे अभ्यासक तिचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवले गेले. तेथे १९०४ पासून चुंबकीय नोंदी सुरू आहेत. ट्रॉम्सोवर पडदे नाचत असतात तेव्हा अलिबागच्या आलेखातली रेषा खाली उतरते, कारण वादळात पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा विद्युत प्रवाह बळावतो आणि विषुववृत्तालगतचे क्षेत्र कमी करतो. महाराष्ट्राला ध्रुवीय वादळे अशी आलेखातून दिसत आली आहेत.

अलीकडची मोठी घटना १० मे २०२४ ची. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास सौर झोतांचा पहिला धक्का पृथ्वीला बसला. मध्यरात्रीनंतर लडाखमधील हानले येथे भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या सर्वाकाश (सारे आकाश एकदम टिपणाऱ्या) कॅमेऱ्याने उत्तर क्षितिजावर तांबडा प्रकाश टिपला. २००३ नंतर एवढ्या तीव्रतेचे वादळ झाले नव्हते. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ओळी चुकल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऐन नवरात्रात, हानलेला पुन्हा तसाच प्रकाश दिसला. हिरवा भाग क्षितिजाखाली राहतो आणि उंचावरचा तांबडाच दिसतो, म्हणून भारतातून ध्रुवीय प्रकाश नेहमी तांबडा असतो.

पन्हाळ्यावरचा प्रकाश

हिरवी रेषा ध्रुवांपुरती मर्यादित नाही, हे आँगस्ट्रॉम यांच्याच काळात लक्षात आले होते. आकाशाच्या कोणत्याही भागात, कोणत्याही रात्री ती अंधूकशी सापडते. चौथे लॉर्ड रेले यांनी १९२० च्या दशकापासून तिची तीव्रता मोजली. या प्रकाशाला वायुदीप्ती म्हणतात. संशोधकांच्या बोलण्यात एअरग्लो. तिचा खर्च बाहेरून येणारे इलेक्ट्रॉन भागवत नाहीत. दिवसा सूर्याचे अतिनील किरण वरच्या हवेतले ऑक्सिजन रेणू फोडतात. रात्री सुटे अणू पुन्हा जुळतात तेव्हा दिवसाची ती ऊर्जा बाहेर पडते आणि सुमारे ९५ किमी. उंचीवर हिरवा प्रकाश उमटतो. २५० किमी. च्या आसपास ऑक्सिजनचे आयन इलेक्ट्रॉनांशी मिळतात आणि ६३०.० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतात. त्याशिवाय ९० किमी. जवळ सोडियमचा पिवळा आणि थोडा खाली हायड्रॉक्सिलचा अवरक्त प्रकाश असतो. मोजण्याचे एकक ‘रेले’ याच शास्त्रज्ञाच्या नावाचे आहे. हिरवी वायुदीप्ती काही शे रेले भरते. ठळक ध्रुवीय प्रकाश हजारोंपासून दहा लाख रेलेपर्यंत जातो. तरंगलांबी तीच, फरक तीव्रतेचा आणि ऊर्जेच्या उगमाचा.

पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि शिवाजी विद्यापीठ यांच्या सहकार्याने कोल्हापुरात या थरांचा अभ्यास झाला. विद्यापीठाच्या आवारात बसवलेल्या मध्यम वारंवारितेच्या रडारने ७० ते ९८ किमी. उंचीवरचे वारे मोजले. पन्हाळ्यावरील विद्यापीठाच्या अवकाश संशोधन केंद्रातून सर्वाकाश कॅमेऱ्याने वायुदीप्तीच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. पन्हाळा कोल्हापूर शहराच्या दिव्यांपासून सुमारे २० किमी. दूर आणि उंचावर आहे, म्हणून जागा योग्य. वेध घ्यायचे ते निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री. पावसाळ्यात काम बंद.

या प्रतिमांत जे दिसते ते ध्रुवावर दिसत नाही. सूर्यास्तानंतर आयनांबराचा (विद्युतभारित कण असलेल्या वरच्या हवेच्या थराचा) खालचा भाग वर उचलला जातो आणि त्यात कमी घनतेचे बुडबुडे तयार होऊन उंच चढतात. ६३०.० नॅनोमीटरच्या प्रतिमेत ते उत्तर-दक्षिण पसरलेल्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि पूर्वेकडे सरकत जातात. ध्रुवावर चुंबकीय रेषा उजेडाने रेखल्या जातात. कोल्हापूरवर त्याच रेषा उजेडातल्या पोकळीने दिसतात. याचे सौंदर्य डोळ्यांसाठी नाही हे मान्य, पण ते कमी प्रतीचे म्हणता येणार नाही. व्यवहारातही त्याला महत्त्व आहे, कारण या बुडबुड्यांतून येणारे उपग्रहांचे संदेश थरथरतात आणि जीपीएसची अचूकता घसरते.

त्याच रेखांशावर, दक्षिणेला

कोल्हापूरहून रेखांश धरून सरळ दक्षिणेकडे निघाले, की श्रीलंकेच्या पश्चिमेने हिंदी महासागर ओलांडून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर ७६° पूर्व रेखांशाजवळ भारताचे ‘भारती’ केंद्र लागते. ते ६९° दक्षिण अक्षांशावर असून २०१२ पासून कार्यरत आहे. १९८९ पासून चालू असलेले ‘मैत्री’ केंद्र त्याच्या पश्चिमेला, १२° पूर्व रेखांशाच्या जवळ आहे. दोन्ही ठिकाणांहून ध्रुवीय प्रकाश दिसतो आणि चुंबकीय नोंदी घेतल्या जातात. भारतीवर मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली जातो आणि पन्हाळ्यावर ढग बसतात त्या दिवसांत तेथे अखंड रात्र असते. उत्तरेकडे स्वालबार्ड बेटांवर भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे.

पाहायचे असल्यास

उत्तरेकडे जाणाऱ्यांनी सप्टेंबर ते मार्च हा काळ निवडावा. उन्हाळ्यात तेथे रात्र काळोखी होत नाही. विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्चमध्ये, सूर्याचे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जुळण्यास अनुकूल स्थिती असते आणि वादळे अधिक होतात. सौरडागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे आहे. २०२४ मध्ये सूर्य त्याच्या कमाल पातळीच्या काळात होता, आणि उताराची वर्षेही चांगला प्रकाश देतात. सहलीत एकच रात्र ठेवू नये. ढग आले की सारे व्यर्थ जाते.

वायुदीप्तीसाठी इतके लांब जावे लागत नाही. डिसेंबर ते मार्चमधील अमावास्येजवळची निरभ्र रात्र, पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारासारखी अंधारी जागा, तिवईवर ठेवलेला कॅमेरा आणि वीस-तीस सेकंदांचे उद्भासन (एक्स्पोजर) एवढ्यात क्षितिजाच्या थोडे वर हिरवट छटा टिपता येते. शहराच्या दिव्यांची पिवळट झळ कोल्हापूरच्या दिशेला असते, म्हणून कॅमेरा पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूला वळवावा.

वादळाची पूर्वसूचना मिळते ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमी. अंतरावरील एल-१ या बिंदूजवळच्या यानांकडून. भारताचे आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ रोजी तेथील कक्षेत पोचले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने सिद्ध केली आहे, आणि इतर उपकरणे सौरवाताचे कण व चुंबकीय क्षेत्र मोजतात. क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे वळली आहे की नाही, हे येथे कळल्यापासून सौरवात पृथ्वीवर पोचायला अर्धा ते एक तास लागतो.